इंजिन काढलं, मोटर बसवली. पण मागच्या चाकांचं काय?

१९ मे २०१८. विंडसरमध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न झालं आणि संध्याकाळी दोघं रिसेप्शनसाठी फ्रॉगमोर हाऊसकडे निघाले. गाडी होती निळसर चंदेरी रंगाची, उघड्या टपाची जॅग्वार ई-टाइप. नंबर प्लेटवर लग्नाची तारीख. गाडी १९६८ ची, पण निघताना इंजिनाची घरघर नाही की सायलेन्सरचा धूर नाही. कारण इंजिन नव्हतंच. त्याच्या जागी बॅटरी आणि मोटर होती.

तो व्हिडिओ जगभर फिरला. जुन्या स्पोर्ट्स कार इलेक्ट्रिक करण्याचं वेड त्याआधीही होतं, पण या लग्नानंतर ते गॅरेजवाल्यांच्या पलीकडे पोचलं. आता अशा रील्स ढिगाने सापडतात. क्रेनला लटकलेलं इंजिन बाहेर येतं, टेस्लाची मोटर आत जाते, म्युझिक बदलतं आणि गाडी टायरमधून धूर काढत सुटते. खाली कमेंट ठरलेली : 'एवढं सोपं आहे?'

मोटर आणि बॅटरीचा भाग खरंच पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. अपघातात गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून हे सामान मिळतं, ते चालवणारे कंट्रोलरही बाजारात आहेत. घोडं अडतं ते रीलमध्ये कधीच न दिसणाऱ्या जागी, म्हणजे मागच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनपाशी. ते बदलायचं का, किती बदलायचं, की अजिबात हात लावायचा नाही, यावर गाडी नीट वळणार की पहिल्याच ओल्या वळणावर गिरकी घेणार हे ठरतं. ब्रिटनमध्ये तर गाडी कागदोपत्री तीच गाडी राहणार की नाही, हेही अनेक वर्षं त्यावर अवलंबून होतं.

जॅग्वारने हात का लावला नाही?

लग्नातल्या त्या गाडीचं नाव ई-टाइप झिरो. जॅग्वारच्याच क्लासिक विभागाने ती तयार केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा दाखवली. २२० किलोवॉटची मोटर, ४० किलोवॉट-तासाची बॅटरी, शून्य ते शंभरचा वेग साडेपाच सेकंदांत. बातम्यांमध्ये हेच आकडे आले. खरी हुशारी मात्र सामान कुठे ठेवलं यात होती.

बॅटरीचा खोका जॅग्वारने जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या मापाचा आणि जवळपास त्याच वजनाचा बनवला आणि नेमका इंजिनाच्या जागी ठेवला. मोटर ठेवली गिअरबॉक्सच्या जागी. तिथून एक नवा प्रोपेलर शाफ्ट मागे गेला आणि तो जोडला मूळ डिफरन्शियलला. एकूण गाडी पेट्रोलवाल्या ई-टाइपपेक्षा ४६ किलोने हलकी झाली. कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की वजन आणि आकार मूळच्यासारखाच राहिल्यामुळे सस्पेन्शन आणि ब्रेक बदलायची गरज पडली नाही.

वाचताना हे साधं वाटतं. पण ई-टाइपच्या मागच्या बाजूला काय आहे ते पाहिलं की हा निर्णय का घेतला ते कळतं.

१९६१ मध्ये ई-टाइप आली तेव्हा तिचं मागचं स्वतंत्र सस्पेन्शन हा मोठा चर्चेचा विषय होता. बॉब नाइट या इंजिनिअरच्या नावाशी जोडलेली ही रचना पुढे जॅग्वारच्या मोठ्या सलून गाड्यांतही वापरली गेली. लोखंडी पत्र्याच्या एका पिंजऱ्यात डिफरन्शियल, ब्रेक, स्प्रिंग, शॉकअप असं सगळं बसवलेलं, आणि तो अख्खा पिंजरा रबराच्या तुकड्यांवर गाडीला टांगलेला. प्रत्येक चाकाला दोन स्प्रिंग. डिस्क ब्रेक नेहमीसारखे चाकाजवळ नाहीत, तर आत डिफरन्शियलला चिकटून.

यातली सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे हाफ शाफ्ट. डिफरन्शियलकडून चाकाला फिरवणारा दांडा. बहुतेक गाड्यांत त्याचं काम फक्त ताकद पोचवणं. ई-टाइपमध्ये हाच दांडा सस्पेन्शनचा वरचा हातही आहे. चाक खालून एका दुव्याने धरलेलं आणि वरून या शाफ्टने. शाफ्ट काढला तर चाकाला वरून धरणारं काहीच उरत नाही.

आता समजा एखाद्या गॅरेजने ठरवलं की जुनं डिफरन्शियल नको, टेस्लाचं तयार युनिटच मागे बसवू. त्यात मोटर, गिअर, डिफरन्शियल आणि इन्व्हर्टर एकाच धुडात येतात. दिसायला सोयीचं. पण त्याबरोबर मूळ शाफ्ट जातात, म्हणजे सस्पेन्शनचा वरचा हात जातो. आतले ब्रेक जातात, कारण ते ज्या डिफरन्शियलला बोल्ट केलेले होते तेच गेलं. मग नवे वरचे हात, चाकाजवळ नवे ब्रेक, नवा पिंजरा. म्हणजे मोटर बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी नव्याने डिझाइन करत बसतो. जॅग्वारने हे सगळं टाळलं.

पोर्शचं दुखणं वेगळं

प्रत्येक गाडीत अशी पळवाट नसते. इलेक्ट्रिक करण्यासाठी लोकांची आवडती गाडी म्हणजे जुनी पोर्श ९११. इंग्लंडमधली एव्हराटीसारखी कंपनी तर ९६४ या मालिकेतल्या ९११ इलेक्ट्रिक करून विकते. पण ९११ चं इंजिन मागे, तेही मागच्या चाकांच्या रेषेच्या पलीकडे लटकलेलं. १९६३ पासून या गाडीचं सगळं वागणं त्या लटकलेल्या वजनाभोवती घडलेलं आहे.

इंजिन काढलं की पहिल्यांदा बिघडतं ते हे वजनाचं गणित. १९८९ पर्यंतच्या मूळ साच्यातल्या ९११ मध्ये मागे नेहमीची गोल स्प्रिंग नाही. तिथे टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. तो मूळ वजनाला जुळवलेला. मागचं वजन कमी झालं तर मागचं टोक वर उठतं, बॅटऱ्या मागेच रचल्या तर खाली बसतं. दोन्हीत चाकं आपल्या ठरलेल्या कोनातून हलतात. सोपा उपाय म्हणून अनेक जण गोल स्प्रिंगवाले शॉकअप बसवतात. पण त्या गाडीत शॉकअप जिथे वर बॉडीला अडकतो, ती जागा शॉकअपचे धक्के सोसायला बनवली होती, गाडीचं वजन पेलायला नव्हे. तिथे मजबुती न देता स्प्रिंग बसवणं म्हणजे पडदा अडकवायच्या खिळ्याला झोपाळा टांगणं.

दुसरी अडचण रुंदीची. टेस्ला मॉडेल एसच्या मागच्या दोन चाकांतलं अंतर जवळपास १.७ मीटर. जुन्या साध्या ९११ मध्ये ते १.४ मीटरच्या आसपास. त्यामुळे टेस्लाचं मागचं सस्पेन्शन उचलून तसंच ९११ खाली सरकवता येत नाही, चाकं बॉडीच्या बाहेर जातील. मोटरचं युनिट तेवढं घेतलं तर दोन्ही बाजूंना उरते थोडी जागा आणि त्यात बसवायचे आखूड हाफ शाफ्ट. शाफ्ट जितका आखूड, तितका चाक वरखाली होताना त्याच्या सांध्यांचा कोन जास्त. तीव्र कोनात जोरात ताकद गेली की सांधे लवकर झिजतात. त्यामुळे युनिट किती उंचीवर, किती पुढे ठेवायचं हे मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. रीलमध्ये हा भाग 'कस्टम माउंट बनवला' एवढ्या एका ओळीत उरकतो.

ताकदीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. 'इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क जुन्या गाडीला झेपत नाही' असं सरसकट म्हटलं जातं. आकडे बघा. मॉडेल एस ८५ च्या साध्या आवृत्तीत मोटरचा टॉर्क ४४० न्यूटन मीटर आणि गिअर एकच, ९.७३ पटीचा. गुणाकार केला तर चाकांपर्यंत साधारण ४,२८० न्यूटन मीटर. ९११ कॅरेरा ३.२ मध्ये इंजिनाचा टॉर्क २८४, पण पहिला गिअर ३.१८ पटीचा आणि पुढे डिफरन्शियल ३.८७५ पटीचं. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाकांवर साधारण ३,५०० न्यूटन मीटर. फरक आहे, पण रीलवाले सांगतात तेवढा नाही.

खरा फरक तो जोर कधी येतो यात आहे. पेट्रोल गाडीत हा आकडा इंजिन ठरावीक फेऱ्यांवर पोचल्यावर, क्लच पूर्ण सुटल्यावर मिळतो, आणि दुसरा गिअर टाकला की तो दोन हजारांच्या आसपास उतरतो. मोटरला गिअर बदलायचेच नाहीत. तिचा पूर्ण जोर गाडी उभी असल्यापासून बऱ्याच वेगापर्यंत, कुठल्याही क्षणी हजर. ज्या रबरी बुशवर सस्पेन्शनचे हात टेकलेले असतात, ते पूर्वी हळूहळू दबायचे, आता एका झटक्यात दबतात. बुश दबला की चाकाचा कोन हलतो.

पाय काढला की काय होतं?

पण गाडी गिरकी घेते ती बहुतेकदा जोर देताना नव्हे, पाय काढताना.

जुन्या ९११ ची ही जगभर प्रसिद्ध खोड आहे. वळणात वेगाने शिरलात, घाबरून रेस सोडलीत, की मागचं टोक बाहेर जातं. वजन मागे लटकलेलं हे एक कारण. दुसरं कारण सस्पेन्शनच्या रचनेत. ९११ मध्ये मागचं चाक ज्या हातावर असतं त्याची बिजागरी गाडीच्या रुंदीला सरळ नाही, तिरकी आहे. दाराची बिजागरी तिरकी बसली तर दार उघडताना वरखालीही सरकतं, तसंच इथे. चाक वरखाली झालं की त्याचा रोखही थोडा फिरतो. शिवाय रेस सोडली की रस्ता चाकाला मागे ओढतो, बुश दबतात आणि चाकाचा पुढचा भाग किंचित बाहेर वळतो. चालताना पायाचे अंगठे बाहेर पडावेत तसं. वळणात नेमकं बाहेरचं चाक असं फिरलं की गाडीचं मागचं टोक वळणाबाहेर निघतं.

हा प्रश्न पोर्शला चांगलाच माहीत होता. १९७७ मध्ये आलेल्या ९२८ साठी त्यांनी 'वाइसाख ॲक्सल' नावाची खास रचना केली. रेस सोडल्यावर चाक बाहेर नाही तर किंचित आत वळावं, हाच तिचा हेतू. ९११ ला मात्र मागे बहुदुव्यांचं पूर्ण नवं सस्पेन्शन मिळायला १९९३ ची ९९३ ही मालिका उजाडावी लागली.

आता यात इलेक्ट्रिक मोटर घाला. पेट्रोल गाडीत रेस सोडल्यावर इंजिन गाडीला थोडं मागे ओढतं. इलेक्ट्रिक गाडीत रेस सोडली की मोटर जनरेटर होते, बॅटरी चार्ज करते आणि गाडीला त्यापेक्षा कितीतरी जोरात मागे ओढू शकते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. रेंज वाढते, ब्रेक पॅड वाचतात, एका पायाने गाडी चालवता येते. सगळं खरं. पण मोटर मागच्या चाकांना जोडलेली आहे, म्हणजे हा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो.

१,२०० किलोची गाडी धरा. मोटरच्या ओढीचा जोर गाडीच्या वजनाच्या एक पंचमांश ठेवला, तर साधारण २४० किलोचा तो जोर सगळा मागच्या दोन टायरवर येतो. पाय ब्रेकवर असता तर यातला मोठा वाटा पुढच्या चाकांनी उचलला असता, कारण थांबताना वजन पुढे जातं आणि मागचे टायर हलके होतात. कोरड्या सरळ रस्त्यावर काही जाणवणार नाही. पावसात, वळणावर, टायरची निम्मी पकड आधीच वळण्यात खर्ची पडलेली असताना हाच जोर भारी पडतो. आणि ९११ मध्ये तो नेमका त्याच दिशेने येतो ज्या दिशेने चाक बाहेर वळतं.

आणखी एक बारीक मुद्दा. चाकाजवळचा ब्रेक लागतो तेव्हा त्याची पिळवट सस्पेन्शनच्या हातात जाते आणि तो हात मागचं टोक खाली धरून ठेवायला मदत करतो. मोटरची ओढ येते शाफ्टमधून. ती पिळवट हाताला न देता थेट बॉडीवर बसवलेल्या युनिटला देते. त्यामुळे तेवढ्याच जोराने थांबताना मागचं टोक जास्त वर उचलतं आणि तिरक्या बिजागरीमुळे चाकाचा कोन आणखी हलतो. गंमत म्हणजे ई-टाइपमध्ये ब्रेक आधीपासून आत, शाफ्टच्या टोकाला असल्यामुळे तिच्या सस्पेन्शनला शाफ्टमधून येणारी ही ओढ १९६१ पासून ओळखीची आहे.

कारखान्यात बनलेल्या आजच्या इलेक्ट्रिक गाडीत हा धोका सॉफ्टवेअर सांभाळतं. चाक घसरतंय असं सेन्सरला कळलं की मोटरची ओढ क्षणात कमी होते. १९७०-८० च्या बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ना तसे सेन्सर, ना एबीएस. म्हणून जाणकार मंडळी सस्पेन्शनचं काम पुरतं होईपर्यंत रीजन अगदी कमी ठेवतात, बुश कडक बसवतात, चाकांचे कोन नव्या वजनावर पुन्हा जुळवतात. ज्या रीलमध्ये 'फुल रीजन, वन पेडल ड्रायव्हिंग' असं कौतुकाने लिहिलेलं असतं, तिथे मागच्या सस्पेन्शनचं काय केलं हा पहिला प्रश्न विचारायला हवा. तो क्वचितच कोणी विचारतं.

टेस्लाही यातून सुटली नाही

हे फक्त गॅरेजवाल्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल, तर टेस्लाच्या पहिल्या गाडीकडे बघा. २००८ मध्ये आलेल्या रोडस्टरची मूळ कल्पना सोपी होती : लोटस एलिस ही हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची आणि तिच्यात बॅटरी-मोटर बसवायची. एलिसचं वजन ९०० किलोच्या आत-बाहेर. टेस्लाच्या एकट्या बॅटरीचंच वजन साधारण ४५० किलो. गाडी बाराशे किलोच्या पुढे गेली, चाकांमधलं पुढचं-मागचं अंतर सुमारे पाच सेंटिमीटरने वाढवावं लागलं आणि शेवटी दोन्ही गाड्यांत सामाईक सुटे भाग उरले जेमतेम सहा-सात टक्के. एलिसवर आधारित गाडी करणं ही चूक होती असं इलॉन मस्क यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

कागदावर गाडी कोणती?

ब्रिटनमध्ये या सगळ्याला कायद्याची बाजूही आहे. तिथल्या वाहन नोंदणी संस्थेची, म्हणजे डीव्हीएलएची, गुणांची पद्धत होती. मूळ चॅसी असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांचे प्रत्येकी २. इंजिनाचा फक्त १. एकूण १४. जुना नंबर आणि जुनी ओळख ठेवायची तर किमान ८ हवेत.

हिशोब करून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स काढले तर जातात ३ गुण, उरतात ११. म्हणजे नुसती मोटर बसवल्याने ओळख जात नव्हती. मागचं सस्पेन्शन बदललं की ९. मोटरच्या युनिटसाठी मागचा ॲक्सलही गेला की ७, आणि गाडी रेषेखाली. मोटर बसवण्यासाठी चॅसी कापली तर ५ गुण एकदम साफ. अशा गाडीला नवी तपासणी आणि 'क्यू' ने सुरू होणारा नंबर मिळू शकत होता. क्लासिक गाडीच्या बाजारात याचा अर्थ होता किंमत कोसळणं.

२६ ऑगस्ट २०२५ पासून ब्रिटनने ही चौकट सैल केली. रचनेत मोठे बदल केलेल्या किंवा इलेक्ट्रिक केलेल्या गाडीला आता मूळ ओळख आणि नंबर ठेवता येतो, पण झालेले बदल डीव्हीएलएला कळवावे लागतात. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, भूमिका मात्र कडक आहे. इलेक्ट्रिक केलेली गाडी ऐतिहासिक वाहन मानायची नाही, असं त्यांनी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. बदल करायचेच असतील तर ते परत फिरवता येतील असे करा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा, हा त्यांचा सल्ला.

भारतात अशी गाडी करायची तर वाट वेगळी आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरोधात गाडीत बदल करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. इलेक्ट्रिक किटला परवानगी आहे, पण त्या किटला एआयएस-१२३ या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि बसवल्यावर आरटीओकडून आरसीवर नोंदही. मान्यता मिळते ती ठरावीक मॉडेलसाठी बनवलेल्या किटला. म्हणून आपल्याकडे किट दिसतात ते रस्त्यावर लाखोंनी असलेल्या बाइक, रिक्षा आणि छोट्या कारसाठी. गॅरेजमध्ये मागचा पिंजरा कापून, नवे हात वेल्ड करून बनवलेली एकुलती एक स्पोर्ट्स कार या चौकटीत बसवणं फार कठीण आहे.